आठवड्याची गोळी

"सही कर आणि मोकळी हो," भाऊ म्हणाला, आणि त्याने फॉर्म तिसऱ्यांदा ताईच्या पुढ्यात सरकवला.

फॉर्म निवासाचा होता. घरचं काही आठवेनासं झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी शहराबाहेर उतारावर एक पांढरी इमारत होती. भाऊ आणि वहिनी ती पाहून आले होते. तिथली एक खोली सोमवारी दुपारी बारापर्यंत वडिलांसाठी, म्हणजे दादांसाठी, धरून ठेवली होती. सर्व मुलांच्या सह्या हव्यात, खाडाखोड केलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही, असं खाली ठळक अक्षरांत छापलं होतं. पहिली सही भाऊची, मुख्याध्यापक असताना शाळेच्या दाखल्यावर करायचा तशी, शेवटी शेपूट ओढलेली. तिसरी धाकट्याची, घाईत केलेली, रेघेच्या खाली घसरलेली. मधली रेघ रिकामी होती.

"मी सही करणार नाही," ताई म्हणाली.

"कारण?"

"कारण हे विसरणारे दादा मला पटत नाहीत."

"दादा तुला पटायचे आहेत का? ते काय जावई आहेत?"

धाकटा हसला. रविवारची दुपार होती. खाली औषधांच्या दुकानाचं शटर बंद होतं, वर जेवणाच्या टेबलावरची भांडी अजून उचलली नव्हती. खिडकीजवळच्या खुर्चीत दादा बसले होते. मांडीवर पाण्याचा तांब्या. पन्नास वर्षं त्यांनी खालचं दुकान चालवलं, मग मुलीच्या हाती दिलं. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ते रोज अकरा वाजता काउंटरवर येऊन बसत आणि गिऱ्हाइकांची फिरकी घेत. आता ते कोणत्या वारी कोण आलं ते विसरत, बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडत. गेल्या सोमवारी नुसत्या बनियनवर खाली रस्त्यात जाऊन उभे राहिले होते.

"पाणी," दादा म्हणाले.

वहिनीने उठून तांब्या भरून दिला. जेवण सुरू झाल्यापासून हा तिसरा.

ताईने मोजलं. ती असंच मोजत असे. काउंटरपलीकडचा माणूस बोलतो त्यापेक्षा तो काय करतो ते तिचे डोळे टिपत असत.

"वहिनी, रोज एवढं पाणी पितात?"

"एवढं? हे कमी आहे. आणि तेवढ्याच खेपा बाथरूमच्या. चादरी मी धुते, म्हणून मला माहीत."

वहिनीच्या आवाजात आज धार होती. दादांचा हात मोडला त्या दिवसापासून, म्हणजे गेले सात महिने, ती रोज सकाळी दहाला पलीकडच्या गल्लीतून इथे येई आणि संध्याकाळी सहाला परत जाई. तिच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. निवासाची खोली पाहताना तिला सगळ्यात काय आवडलं असेल, तर कोपऱ्यातली घंटी. दाबली की दुसरं कुणीतरी धावत येणार. तिने ती घंटी बोटाने नुसती चाचपून पाहिली होती. दाराला बाहेरून कडी होती, तेही तिने पाहिलं होतं, पण घरी येऊन ते बोलली नव्हती.

"वन्सं, राग मानू नका," ती म्हणाली, "पण तुम्ही दिवसभर खाली. लोकांना सांगता, पाणी किती प्या, झोपा किती. वर पुसायला मी असते. सही नाही म्हणणं सोपं आहे."

"सोपं नाहीये वहिनी. पण तुमचं खरं आहे."

एवढ्या सरळ उत्तराची वहिनीला अपेक्षा नव्हती. तिने ताटं गोळा करायला घेतली.

"पोट साफ होतं का त्यांचं?" ताईने विचारलं.

"अगं जेवणाच्या टेबलावर!" भाऊ ओरडला.

"जेवण झालंय. वहिनी?"

"चार चार दिवस नाही. आणि खातात कुठे? दोन घास की पुरे. ओकारी आल्यासारखं होतं म्हणतात."

"हे मला कुणी का नाही सांगितलं?"

"यात सांगायचं काय?" भाऊ म्हणाला. "वय झालंय. ब्याऐंशी. तू आता नवीन आजार शोधून काढू नकोस, चिठ्ठी."

चिठ्ठी हे तिचं लहानपणचं नाव, भाऊनेच ठेवलेलं. बाराव्या वर्षापासून ती दुकानात खोक्यावर उभी राहून औषधांच्या पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवत असे. दादांनी शिकवलं होतं, चिठ्ठीवर चार गोष्टी लिहायच्या. कुणाची, किती, कधी, आणि कधीपर्यंत. एक जरी राहिली तरी पाकीट काउंटरपलीकडे जाऊ द्यायचं नाही. पुढे ती शिकली, परवाना भिंतीवर लागला, चिठ्ठ्या छापील झाल्या. चार गोष्टी त्याच राहिल्या.

"सगळे मिळून यांना काय काय देता?" ताईने विचारलं.

"मी फक्त प्रेशरची, तुम्ही डबीत भरून ठेवता ती," वहिनी म्हणाली.

"मी काही नाही," भाऊ म्हणाला.

"मी कधी काय देणार, मी शुक्रवारी येतो तासभर," धाकटा म्हणाला.

"आजोबांना? काही नाही," पैलवान म्हणाली.

पैलवान ही भाऊची मुलगी. व्यायामशाळेत लोकांकडून वजनं उचलून घेणं हा तिचा धंदा. नाव आजोबांनी ठेवलं होतं, आणि तिने ते छातीवर पदक लावावं तसं लावून घेतलं होतं.

'काही नाही' हे शब्द ताई दिवसातून चाळीस वेळा ऐकत असे. काउंटरवर विचारावं, आणखी कोणतं औषध चालू आहे का, तर माणूस म्हणे, काही नाही. मग ती म्हणे, पिशवी पालथी करा. आणि पिशवीतून सात डब्या निघत. अहो, ही तर ताकदीची, माणूस म्हणे. हे काय औषध आहे?

ती उठली, दाराच्या खिळ्यावरची कापडी पिशवी घेतली आणि टेबलावर ठेवली.

"पिशवी पालथी करायची. आत्ता. पर्स, खिसे, जिमची बॅग, जे काही गिळता ते सगळं इथे. तुमचं स्वतःचं आधी."

"हे काय नाटक!"

"तुला माझी सही हवी आहे ना भाऊ? मग बस. गिऱ्हाइकासारखा."

धाकट्याला ही गंमत वाटली. तो लिफ्ट बसवायचं काम करी, दिवसभर विहिरीसारख्या अंधाऱ्या खोबणीत लोंबकळत. घरातल्या भांडणांत तो नेहमी मधल्या मजल्यावर अडकलेला असे. भाऊने फोन केला की भाऊचं पटे, ताईने केला की ताईचं. सही करून चार दिवस झाले होते, आणि चार दिवस त्याला जेवण गोड लागलं नव्हतं. त्याने पहिल्यांदा खिसे रिकामे केले.

ताईने दोन्ही डब्या वाचल्या. "ही सकाळी तरतरी यायची. आणि ही रात्री झोप यायची. तू काय लिफ्ट आहेस? सकाळी वरचं बटण, रात्री खालचं?"

"थकायला होतं गं."

"होणारच. या तरतरीच्या कॅप्सूलमध्ये कॉफीचाच अर्क आहे, एकीत दोन कप. वर तू पाच चहा पितोस. मग झोप कशी येईल? आधी ही बंद कर, दुपारनंतरचा चहा बंद कर, रोज एकाच वेळेला पाठ टेक. पंधरा दिवसांनी सांग मला, झोपेच्या गोळीची आठवण येते का."

"आणि फोन?" पैलवान म्हणाली. "काका अंथरुणात फोन बघतो."

"फोन दुसऱ्या खोलीत. आता तू हसू नकोस, तुझी बॅग आण."

पैलवानच्या बॅगेतून एक भला मोठा डबा निघाला, त्यावर दंड फुगवलेला माणूस. शिवाय दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मल्टीविटॅमिन.

"दोन कशाला?"

"एक बायकांची, एक ताकदीची."

"मागे वाच. मोठ्याने."

पैलवानने वाचलं. दोन्हींत तेच होतं, क्रम तेवढा निराळा. "अरेच्चा," ती म्हणाली.

"अंडी खातेस, दूध पितेस, कडधान्यं खातेस. तुला एकीचीही गरज आहे का, हे रक्त तपासून ठरवू. डब्यावरच्या माणसाला विचारून नाही. आणि ज्या डब्यावर आत काय किती आहे ते लिहिलेलं नाही, तो या घरात आणायचा नाही."

वहिनी कडेने पाहत होती. तिला खरं तर स्वयंपाकघरात जायचं होतं, पण वन्संनी तिच्या पर्सकडे बोट दाखवलं. थायरॉइडची, कॅल्शियमची, लोहाची.

"कशा घेता?"

"सकाळी उठल्यावर तिन्ही. चहाबरोबर. म्हणजे मग विसरायला नको."

ताईने कपाळाला हात लावला. "वहिनी, मी तुमची नणंद आहे की शेजारीण? थायरॉइडची रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याशी, मग निदान अर्धा तास काही नाही. कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, दुपारच्या जेवणाबरोबर. आणि लोहाला चहा अजिबात चालत नाही, चहा ते अंगी लागूच देत नाही. ती संध्याकाळी, लिंबूपाण्याशी. तुम्ही सारखा थकवा येतो म्हणता, तो गोळ्या घेऊनही का येतो, ते आता कळलं."

"हे मला कुणी सांगितलंच नाही."

"नाही सांगितलं." ताईने पट्ट्या उलटून पाहिल्या. "चिठ्ठी लावली नाही ना मी. तुम्ही या घरच्या खणातून घेतल्यात?"

"मग काय दुकानात रांगेत उभी राहू?"

काउंटरच्या मागे डावीकडे खालचा खण हा घरचा खण होता. दादांच्या काळापासून. घरात लागेल ते त्यातून घ्यायचं, कुणाला विचारायचं नाही. रिकामा झाला की ताई भरून ठेवी. परक्याच्या एका गोळीलाही चिठ्ठी लागे. घरच्यांना चिठ्ठी कशाला?

"भाऊ, तुझं."

भाऊने हात छातीवर बांधले. "माझं काही नाही."

"बाबा, वरच्या खिशात," पैलवान म्हणाली.

"गप्प बस गं तू."

निघाली ती केसांची गोळी. सगळ्यांनी एकदम भाऊच्या टकलाकडे पाहिलं आणि एकदम नजर वळवली. धाकट्याने तर चमचा उचलायच्या निमित्ताने टेबलाखाली डोकं घातलं.

"काही उगवलं का?" ताईने गंभीरपणे विचारलं.

"सहा महिने लागतात म्हणे."

"तुझा थायरॉइडचा रिपोर्ट वाकडा आला होता ना गेल्या महिन्यात? हीच घेत असशील. हिच्याने काही तपासण्यांचे आकडे चुकतात. रक्त द्यायच्या आधी लॅबला सांगायचं असतं. पण तू कशाला सांगशील, तू तर काहीच घेत नाहीस."

"झालं तुझं प्रवचन? कर आता सही."

पण वहिनीचा हात अजून पर्समध्ये होता. हरलेल्या माणसासारखी नाही, तर एकदाचं सगळं रिकामं करून टाकावं अशा जिद्दीने ती आतले कप्पे उलटे करत होती. शेवटच्या कप्प्यातून तिने एक छोटी पट्टी काढून टेबलावर ठेवली. चार कॅप्सूल, त्यातल्या दोन संपलेल्या.

"आणि ही दादांची. आठवड्याची. उद्या नाही परवा द्यायची."

"परवा?" भाऊ म्हणाला. "परवा मंगळवार."

"हो. मंगळवारचीच असते."

"मंगळवारची कशी? मी रविवारी देतो. आज सकाळी दाढी करून दिली तेव्हा दिली."

भाऊने पँटच्या मागच्या खिशातून तशीच पट्टी काढून बायकोच्या पट्टीशेजारी ठेवली. धाकटा टेबलाखालून वर आला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने पाकीट उघडलं आणि नोटांच्या मागच्या कप्प्यातून तशीच पट्टी काढली.

"मी शुक्रवारी देतो," तो म्हणाला.

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पीं पीं तेवढी ऐकू येत होती.

"मी गोळी नाही देत," पैलवान हळू आवाजात म्हणाली. "मी हाडांची पावडर देते. दुधातून. रोज. तिच्यात ताकद असते म्हणून."

ताईने तो डबा मागवला, मागची बारीक अक्षरं वाचली. मग तीन पट्ट्या एका ओळीत लावल्या आणि खुर्चीत बसली.

"कधीपासून?"

"तू सांगितलंस तेव्हापासून," भाऊ म्हणाला.

"मी? मी तुला कधी सांगितलं?"

पैलवानने फोन काढला. 'घर' नावाच्या ग्रुपवर अंगठ्याने मागे मागे जात सात महिन्यांपूर्वीच्या एका संध्याकाळपाशी ती थांबली आणि मोठ्याने वाचलं. "आठवड्याची गोळी विसरू नका. आत्या, तू लिहिलंयस. बस, एवढंच."

ताईला ती संध्याकाळ आठवली. दादांच्या हाताला प्लास्टर. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, हाडांसाठी ड जीवनसत्त्व, आठवड्याला एक, आठ आठवडे. तिने बुधवारची कॅप्सूल दादांच्या डबीत, रात्रीच्या कप्प्यात ठेवली आणि गिऱ्हाइकाच्या गर्दीत फोनवर एक ओळ लिहिली. दादा फोनवर तो एकच ग्रुप वाचत, म्हणून तिथेच.

"ते मी दादांना लिहिलं होतं," ती म्हणाली. "दादांना मी 'नका'च म्हणते ना."

"मलाही 'नका'च म्हणता," वहिनी म्हणाली. "मला वाटलं, घरी मी असते, मला सांगताय."

"मला तू 'नकोस' म्हणतेस," धाकटा म्हणाला. "पण मला वाटलं सगळ्यांना मिळून 'नका'. आणि सगळ्यांना म्हणजे कुणीच लक्षात ठेवणार नाही. म्हणून मी ठेवलं."

सगळे भाऊकडे वळले.

"मला वाटलं," भाऊ खाकरला, "जन्मात एकदा मोठ्या भावाला मान देऊन बोललीस."

एरवी यावर घर हसून लोळलं असतं. आज कुणी हसलं नाही.

"चार गोष्टी," ताई स्वतःशीच म्हणाली. "कुणाला ते लिहिलं नाही. कधीपर्यंत ते लिहिलं नाही. डबीतली मी आठव्या आठवड्याला थांबवली. तुमची थांबवायला सांगितलं नाही, कारण चालू आहे हेच मला माहीत नव्हतं. घरचा खण रिकामा होत होता आणि मी भरत होते."

"पण जीवनसत्त्वच ना ते," भाऊ म्हणाला. "जास्त झालं तर निघून जातं."

"हे नाही जात. हे चरबीत साठतं. आठवड्याला एक द्यायची ती तीन जणांनी तीन दिलीत, सात महिने. वर पावडरीतलं कॅल्शियम. त्यात त्यांची प्रेशरची गोळी अशी, की ती कॅल्शियम अंगात धरून ठेवते. रक्तात ते वाढलं की काय होतं ऐक. तहान लागते. लघवीला सारखं होतं. पोट साफ होत नाही. मळमळतं, जेवण जात नाही. हातपाय गळतात." तिने दादांकडे पाहिलं. "आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागतो."

वहिनी खुर्ची ओढून बसली. पाण्याचे तांबे, चादरी, न खाल्लेली ताटं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेलं. आणि मंगळवार. मंगळवारी ती आठवणीने आधी ती गोळी देई, मग बाकीची कामं. एकही मंगळवार चुकला नव्हता, याचा तिला अभिमान होता.

"म्हणजे आम्ही विष दिलं त्यांना?" भाऊचा आवाज चढला. "असं म्हणायचंय तुला?"

"आम्ही नाही. आपण. मी पहिली."

"आणि तू चुकत असलीस तर? रिपोर्ट नॉर्मल आला, तर? खोली उद्या बाराला जाईल. पुढची कधी रिकामी होईल सांगता येत नाही म्हणाले ते. परत ते रस्त्यात गेले, गाडीखाली आले, तर कोण जबाबदार? तू खाली काउंटरवर असशील!"

प्रश्न खरा होता, आणि तो प्रश्न ताईलाही आतून कुरतडत होता. असं वागणं दुसऱ्या कशानेही होऊ शकतं, खरोखरच वयानेही. तिच्यापाशी फक्त पाण्याचे तांबे आणि तीन पट्ट्या होत्या.

"मी जबाबदार," ती म्हणाली. "लिहून देते. पण रक्त तपासल्याशिवाय मी माझ्या बापाला बाहेरून कडी असलेल्या खोलीत पाठवणार नाही, फॉर्मच्या बारीक अक्षरांत आहे ती कडी. तू दहा फॉर्म आण."

"कडी?" धाकटा म्हणाला. "बाहेरून? भाऊ, तू तर म्हणालास बाग आहे."

"बागही आहे."

"कडी आहे का नाही?"

उत्तर वहिनीने दिलं. "आहे. मी पाहिली. बोलले नाही, कारण मला झोप हवी होती." ती उठली, आणि गुडघ्यांवर हात न टेकता उठली. "वन्सं, डॉक्टरीणबाईंना फोन लावा."

ताईने लावला. पलीकडून प्रश्न आले, ताईने एकेका शब्दात उत्तरं दिली. वाट पाहू नका, आजच मोठ्या दवाखान्यात आणा, रक्त तपासायचं आणि बहुतेक सलाईन लावावं लागेल, असं ठरलं. सगळ्या डब्या बरोबर आणा. कॅप्सूल, पावडर आणि प्रेशरची गोळी मी सांगेपर्यंत बंद.

दादा खिडकीतून बाहेर पाहत होते. ते काही ऐकत आहेत असं कुणाला वाटलं नव्हतं. ताईने त्यांना चपला घालायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी पाय मागे घेतला.

"कुठे नेता?"

"दवाखान्यात, दादा."

"त्या पांढऱ्या घरात नाही ना?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. किती, केव्हापासून, कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊने मान खाली घातली.

"नाही. रक्त तपासायला." ताई त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. "दादा, भाऊ रविवारी गोळी द्यायचा, वहिनी मंगळवारी, हा शुक्रवारी. तुम्ही एवढे मोठे औषधवाले. तुम्हाला कळलं नाही?"

शब्द शोधताना दादांचे ओठ हलत होते.

"पहिल्या पहिल्यांदा कळायचं," ते म्हणाले.

"मग नाही का म्हटलं नाहीत?"

"गोळी घेऊन यायचा ना हा. बसायचा. दाढी करून द्यायचा." त्यांनी भाऊकडे बोट केलं. "वर्षानुवर्षं नव्हता येत हा. नाही म्हटलं असतं, तर आला असता का?"

भाऊने खिशात गाडीच्या किल्ल्या शोधायला सुरुवात केली. ज्या खिशात नव्हत्या त्यात दोनदा शोधल्या.

"मला लिहायचंय," दादा एकदम म्हणाले. "चिठ्ठी. पाकीट चिठ्ठीशिवाय जाऊ द्यायचं नाही."

"दादा, उशीर होतोय."

"चिठ्ठीशिवाय नाही!" त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली, आणि तो आवाज जुना होता, काउंटरपलीकडच्या दांडगटांना गप्प करणारा. त्यांनी भाऊच्या खिशाचं पेन ओढून घेतलं. सहीसाठी मुद्दाम आणलेलं जाड निबाचं पेन. टेबलावर समोर जो कागद होता तो पालथा केला. तो निवासाचा फॉर्म होता.

"अहो दादा, तो..." भाऊ पुढे झाला. त्याच्या छातीवर धाकट्याने आपला हात आडवा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

"लिहू दे त्यांना," तो म्हणाला.

दादा लिहू लागले. अक्षर थरथरत होतं, पण क्रम चुकला नाही. त्यांनी वार विचारला नाही, साल विचारलं नाही. *कुणाची*: माझी. *किती*: पुरे. *कधी*: या शब्दासमोर जोरात ओढलेली एक आडवी रेघ. जाड निबाची शाई कागदातून आरपार उतरली, आणि उलट्या बाजूला दोन सह्यांच्या मधल्या रिकाम्या रेघेवर तिचा काळा डाग पसरला. *कधीपर्यंत*: आजपर्यंत.

भाऊने तो डाग पाहिला. नंतर बायकोकडे पाहिलं. "निवासाला फोन करावा लागेल. खोली नको म्हणून."

"मघाशीच केला," वहिनी म्हणाली. "तुम्ही किल्ल्या शोधत होतात तेव्हा. सोमवारपासून तुम्ही दुपारी दोन ते सहा इथे बसायचं. निवृत्त आहात ना? चादरीही धुवायच्या."

भाऊने पायात चपला सरकवल्या. किल्ल्या त्याच्या हातातच होत्या.

धाकट्याने दादांना एका बाजूने धरलं, पैलवानने दुसऱ्या बाजूने. ताईने तीन पट्ट्या, दादांची डबी आणि पावडरीचा डबा पिशवीत भरला, त्यावर तो कागद घडी न घालता ठेवला. रिपोर्ट काय येईल, हे जिना उतरताना तिला ठाऊक नव्हतं. बंद शटरपाशी दादा थांबले. दम लागला होता. त्यांनी मागून उतरणाऱ्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, जणू रांग लागली आहे आणि ते काउंटरच्या आत आहेत.

"रविवार, मंगळवार, शुक्रवार," ते म्हणाले. "वार तेच ठेवायचे. फक्त हात हलवत या."